नऊ फळ्या लिंबाच्या

मी भांडखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला गरीब गाय समजायला नको. आमचे मास्तर म्हणायचे, "तू देवाला नैवेद्य दाखवतीस, तो बी दटावून. खा म्हणतीस, गार व्हायला लागलंय." मास्तर म्हणजे माझे मालक. गावच्या शाळेत ते चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करायचे आणि घरी आले की माझ्यापुढं स्वतःच गप्प व्हायचे. मला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं, म्हणून आज हे लिहून ठेवता येतंय.

गाव आमचं आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवर. राज्य निजामाचं. तिकडं परमुलखात कुठं तरी मोठी लढाई चालू होती. त्या लढाईचं आम्हाला एवढंच कळायचं की रॉकेल मिळत नाही, खिळे मिळत नाहीत, आणि चांगलं लाकूड गाड्या भरभरून हिंगोलीच्या स्टेशनाकडं जातं. बाकी कोण जिंकतंय आणि कोण हरतंय, ते मास्तर वाचून दाखवायचे आणि मी ऐकत नसायचे.

घर तीन खोल्यांचं, माळवदाचं. आता सिमेंटच्या घरात राहणाऱ्यांना माळवद सांगायला हवं. सपाट मातीचं छत ते. भिंतींवर जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या नाही तर काटक्या, त्यावर पाला, आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी माती. ही माती पाणी आत जाऊ देत नाही. दरवर्षी वैशाखात नवी माती चढवायची, पसरायची, चोपायची, की पावसाळ्यात खाली कोरडं. ते घर आम्ही दोघांनी बांधलं होतं. भिंतीच्या चिखलात माझे पाय नाचलेत, त्यामुळं त्या घराचा मला फार ताठा होता. तो कसा उतरला तेच सांगायचंय.

लेक आम्हाला एकच. ती पुसेगावला दिलेली. तिचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तिकडं सासरीच. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोरगी भिंतीकडं तोंड करून निजलेली, माझ्याशी बोलेना. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की पुढचं बाळंतपण माझ्या घरी, माझ्या डोळ्यांपुढं. पुन्हा दिवस राहिल्याचा निरोप आला तशी मी गाडी जुंपायला लावली आणि पुसेगावला जाऊन विहीणबाईंसमोर बसले.

"आमच्या घरी काय कमी हाय?" विहीणबाई म्हणाल्या.

आता इथं शहाण्या बाईनं गोड बोलावं की नाही? पण नाही. मी म्हणाले, "पावसाळ्यात बाळंत व्हणार हाय ती. तुमच्याकडं पाऊस आला की खाट घेऊन घरभर फिरावं लागतं. आमच्या खोलीत वीस वर्षांत एक टिपूस गळला न्हाई."

विहीणबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं. जेठाच्या पहिल्या सोमवारी मी सोता घेऊन येते. सोता बघते, मंग ठेवते. न्हाई तर परत आणते." मी म्हणाले, या की.

वैशाख संपत आला होता. पांढरी माती गढीमागच्या टेकाडातून आणायची, आणि उशिरा गेलं की खड्यांची रद्दी माती पदरात पडायची. त्या साली मी ठरवलं की सगळ्या गावाच्या आधी आपली माती वर चढली पाहिजे. चार गाड्या आणवल्या. बाया लावल्या, शिडीवरून टोपल्या वर. माती वर नेली की भिंतींच्या कडेनं थोडी थोडी टाकायची आणि त्याच दिवशी पसरून चोपायची, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. पण दुपारपर्यंत बाया थकल्या, ऊन मरणाचं, आणि मीच म्हणाले, "राहू द्या इथंच ढीग. दोन दिसांनी पसरू." तो ढीग झाला शिडीच्या तोंडाशी, एकाच जागी, पुरुषभर उंच. त्याच्या बरोबर खाली बाळंतिणीसाठी मी सारवून ठेवलेली खोली होती.

मास्तर शाळेतून आले, वर बघितलं आणि म्हणाले, "अगं, ढीग थोडा मोडून टाक. आभाळ पिवळं दिसून राहिलंय."

"तुमी पोरांना पाढे शिकवा," मी म्हणाले. "माळवद मला नका शिकवू."

तिसऱ्या दिवशी दुपारी कयाधू नदीच्या अंगानं वावटळ उठली. बघता बघता दिवसाचा अंधार झाला. आधी वारा, मग सुपारीएवढ्या गारा, मग पाऊस असा की अंगण दिसेना. गल्लीत कुणाचं गवत उडालं, कुणाचा गोठा बसला. मी चुलीपाशी बसून मनात म्हणत होते, आपलं माळवद हाय, आपल्याला काय त्याचं. आणि वर तो ढीग पाणी पीत होता. ढिगानं पन्हाळीचं तोंडही बुजवलं होतं, त्यामुळं छतावरचं पाणी खाली जायचं सोडून तिथंच तुंबलं. सुकी माती चार गाड्यांची. भिजून किती जड झाली असेल, तुम्हीच बघा.

कड कड असा आवाज आला. मग धाडकन. मी पळत गेले तर खोलीत गुडघाभर चिखल, चार कड्या मधून मोडून लोंबत होत्या, आणि वर बरोबर एका खाटेएवढं आभाळ. खाट जिथं टाकायची तिथंच. पाऊस सरळ आत पडत होता. मास्तर मागं येऊन उभे राहिले. एवढा मोठा मोका होता, पण ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, ह्या माणसानं एकदा तरी मला शिव्या घालाव्यात.

बारा दिवसांनी विहीणबाई येणार होत्या.

सुतार तिसऱ्या दिवशी आला, कारण वादळानंतर साऱ्या गावानं त्याच्यासाठी जणू लिलाव मांडला होता. त्यानं वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "तुळया शाबूत हायत, नशीब तुमचं. कड्यांचं बी जमंल. तुमच्या बांधावर वाळलेली बाभूळ उभी हाय, तिच्या काढतो. पण वर टाकायला फळ्या कुठून आणू? जंगलात हात लावला तर नाकेदार पाठ सोलंल. बाजारातलं लाकूड लढाईनं खाल्लं."

"तुराट्या टाका," मी म्हणाले. तुराट्या म्हणजे तुरीची वाळलेली झाडं.

"टाकतो की. पहिल्या झडीत माती खाली येईल. खाली कोण निजणार हाय?"

आठवडी बाजाराला मी स्वतः बाळापूरला गेले, दुकानं पालथी घातली. मिळाल्या त्या साबणाच्या खोक्यांच्या फळ्या, पापडासारख्या. त्या घेऊन आले आणि सुताराचं तोंड बघून परसात टाकून दिल्या.

आता चाचांचं सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारा पिंजारी राहायचा. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायचा. पिंजणीचा तो तांत वाजल्याचा आवाज सकाळपासून आमच्या घरात येत असायचा. आवाज थांबला की मी ओळखायचे, चाचा जेवायला बसले. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. बाळापूरला एक पुतण्या, तो ईदेला येऊन जायचा. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं.

चाचांच्या खाटेखाली नऊ फळ्या होत्या, अडीच हात लांब आणि वीतभर रुंद. त्या त्यांच्या कबरीच्या. त्यांच्यात माणूस पुरला की त्याच्यावर आडव्या फळ्या ठेवतात आणि मग माती लोटतात. चाचांनी आपलं कफन आणि फळ्या आधीच करून ठेवल्या होत्या, आपल्यामागं कुणाला तकलीफ नको म्हणून. गावाला हे ठाऊक होतं. चाचा कधी कधी फळ्या बाहेर काढून उन्हाला लावायचे, तेल चोळायचे, आणि आम्ही बाया चेष्टा करायचो, "चाचा, घर बांधून राहिलात का?" ते म्हणायचे, "व्हय, बेटी. भाडं लागत न्हाई."

वादळात चाचांच्या छपराचं गवतही उडालं होतं. त्यांनी ते दोन दिवसांत वेचून पुन्हा बांधलं, आणि मग आमच्याकडं आले. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी त्या भगदाडाकडं बघितलं, हातानं हवेत माप घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, माझ्या फळ्या बराबर बसतील. नऊच्या नऊ."

मास्तर काही बोलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं. "काय बोलून राहिलात, चाचा? मढ्याच्या फळ्या माझ्या लेकराच्या डोक्यावर?"

चाचा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते "बरं बेटी" म्हणाले आणि हळूहळू घरी गेले. मी सुपात जोंधळे घेऊन पाखडत बसले. बराच वेळ झाला तरी पिंजणीचा आवाज येईना. जेवायची वेळही नव्हती.

संध्याकाळी मी ताट वाढलं. मास्तरांनी भाकरी मोडली नाही.

"त्या माणसानं आपलं शेवटचं घर आपल्याला देऊ केलं," ते म्हणाले, "आन् तू त्याला मढं म्हणालीस."

वीस-बावीस वर्षांच्या संसारात एवढं एकच वाक्य ते मला लागेल असं बोलले. मी चुलीतला जाळ उगीचच मागं-पुढं करत राहिले. मला लाज वाटत होती, आणि भीतीही वाटत होती. माझी पोरगी एक लेकरू घालवून बसलेली. दुसरं कसं सुखरूप हाती पडतंय ह्यावर माझा जीव टांगलेला, आणि त्या लेकरानं जगात डोळे उघडले की पहिल्यांदा कबरीचं लाकूड बघावं? माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं, सांगा.

सकाळी मी वाटीभर ताक घेऊन चाचांकडं गेले. ते उंबऱ्यात बसले होते. माफी मागायची मला सवय नव्हती, त्यामुळं ते शब्द काही केल्या बाहेर येईनात. मी नुसतीच म्हणाले, "चाचा, ताक आणलंय. घ्या ना."

त्यांनी ताक घेतलं, वाटी विसळून माझ्या हातात दिली आणि मला आत बोलावलं. खाटेखालून एक फळी ओढून माझ्यापुढं धरली.

"वास घे."

मी घेतला. कडू वास होता, ओळखीचा.

"कडू लिंब हाय," चाचा म्हणाले. तिच्यावरून त्यांनी तळहात फिरवला. "परसात होता ना, तो. बायकोनं लावला होता. ती गेली त्याच्यामागं बी वीस वर्षं उभा होता. मंग एका पावसात पडला, तवा मी ह्या काढून घेतल्या. म्हटलं, तिनंच लावलाय, तिच्याच सावलीत जाऊ." मग त्यांनी विचारलं, "बेटी, तुमच्यात बाळंतिणीच्या दाराला काय बांधतात?"

"लिंबाच्या डहाळ्यांचा टाळा."

"तिला आंघोळ कशाची?"

"लिंबाच्या पाल्याची."

"धुरी?"

"लिंबाचीच."

"मंग?" चाचा म्हणाले. "कबरीच्या फळ्या त्या मी मेल्यावर व्हतील. आज तर लिंबच हाय. लाकडाला काय ठाऊक, खाली निजलंय कोण."

इतकं साधं होतं ते, आणि मला शहाणीला कळलं नव्हतं. मला रडू यायला लागलं. पण रडणं दाखवायचं नाही म्हणून मी लगेच भांडायला लागले. "आन् तुमाला लागल्या म्हंजे? उद्या काही झालं म्हंजे? मंग मी कोणत्या तोंडानं उभी राहू?"

"काढून द्या."

"देईन," मी म्हणाले. "माझ्या लेकीची शपथ. तुमच्या ह्याच नऊ फळ्या तुमालाच लागतील. दुसरं लाकूड लागू देणार न्हाई."

"पावसाळ्यात माळवद उघडशील?" चाचा हसले. "घाबरू नको, बेटी. मी उन्हाळ्यात मरेन. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, माणसांना तकलीफ व्हते. शब्द देतो तुला. उन्हाळ्यातच."

सुतारानं बाभळीच्या कड्या टाकल्या आणि त्यांच्यावर चाचांच्या फळ्या एकेक करून मांडल्या. बसल्या अगदी बराबर. मी त्याला बजावलं होतं की एकही खिळा ठोकायचा नाही, फळ्या जशा आल्या तशा निघाल्या पाहिजेत. तो म्हणाला, "खिळे हायत कुणापाशी, बाई?" मग वर पळसाचा पाला, मग माती. ह्या वेळी मी पदर खोचून स्वतः वर चढले आणि शेवटची टोपली पसरून चोपून झाल्याशिवाय खाली उतरले नाही. चाचा अंगणातून मान वर करून बघत होते. मास्तर म्हणाले, "पाढे शिकवायला जाऊ का आता?" मी वरूनच त्यांच्या अंगावर मूठभर माती टाकली.

सोमवारी विहीणबाई आल्या. पोरगी गाडीतून उतरली ती सरळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. विहीणबाई पाणीसुद्धा न पिता खोलीत गेल्या आणि मान वर केली.

"ह्या फळ्या नव्या दिसून राहिल्यात. कशाच्या?"

मी खोटं बोलले नाही. "लिंबाच्या."

"लिंबाच्या? काहून?"

"तुमी बाळंतिणीच्या दाराला टाळा बांधता," मी म्हणाले, "आमी छताला अख्खा लिंब लावला."

विहीणबाईंनी एकेक फळी नजरेनं मोजली. मग म्हणाल्या, "हे आमच्याकडं कुणाला सुचलं न्हाई." आणि पाणी मागितलं. भिंतीपलीकडं पिंजणीचा आवाज चालू होता.

आषाढात झड लागली. तीन दिवस पाऊस थांबला नाही, आणि तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोरीची सुटका झाली. मुलगी झाली. काळीसावळी, मूठ वळलेली, आणि आवाज माझ्यावर गेलेला. सुईणीनं तिला माझ्या हातात दिलं तेव्हा मी आधी तिच्याकडं बघितलं, मग पोरीकडं, मग वर. कोरडं होतं सगळं. फळ्यांवर पाण्याची रेघसुद्धा नव्हती.

बाहेर ओसरीच्या कडेला चाचा डोक्यावर पोतं घेऊन उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. मला बघून त्यांनी मुलगा की मुलगी हे विचारलं नाही.

"गळत तर न्हाई ना?" ते म्हणाले.

"न्हाई, चाचा. एक टिपूस न्हाई."

मग त्यांनी पोत्याखालून एक एवढीशी गादी काढून दिली. पिंजून पिंजून कापूस असा केला होता की हातात घेतली तर वजनच लागेना.

दहाव्या दिवशी पोरगी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "माय, वरच्या फळ्या नऊच काहून? बाकी समद्या घराला तर काटक्या हायत." मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, रडली तर रडू दे. तिनं लेकराच्या टाळूवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चाचाला सांग, घाई करू नका म्हणावं. आमाला अजून लागतात."

मी ते जाऊन सांगितलं. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर दर वैशाखात नवी माती चढवायच्या आधी चाचा काठी घेऊन आमच्या खोलीत यायचे आणि खालून एकेका फळीवर टकटक करायचे. वाळवी लागली का बघायचे. "ठीक हाय," म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. नात आमच्याकडं यायची तेव्हा त्याच खाटेवर निजायची. ती अंक शिकली ते त्या फळ्यांवर. नऊपर्यंत धडाधड म्हणायची आणि थांबायची. मास्तर विचारायचे, "नवाच्या पुढं?" ती म्हणायची, "पुढं भिंत."

आणि मग ते वर्ष आलं. निजामाच्या राज्याचे ते अखेरचे महिने. रोज काही ना काही कानावर यायचं. गावातली माणसं एकमेकांकडं बघून आवाज खाली करायची, बाजार लवकर उठायचा. आमच्या भिंतीपलीकडचा आवाज मात्र रोज वाजायचा, जरा हळू. श्रावणात पंचमीला पोरगी नातीला घेऊन माहेरी आली, आणि पंचमीनंतर चौथ्या दिवशी सकाळी तो आवाज वाजलाच नाही.

मास्तर भिंतीवरून डोकावले आणि लगेच पलीकडं गेले. चाचा निजल्या जागी गेले होते.

बाहेर पाऊस. आदल्या रात्रीपासून संततधार. बाळापूरला माणूस पाठवला, तो पुतण्याला घेऊन दुपारी पोचला, दोघंही कमरेपर्यंत चिखलानं भरलेले. त्यांची चार-सहा माणसं जमली होती. पुतण्या खाटेखाली वाकला, फळ्या दिसेनात. मी दारात उभी होते. मी म्हणाले, "त्या आमच्या माळवदात हायत. काढून देते."

पुतण्या उठून उभा राहिला. त्याला चाचांनी सांगितलेलं होतं सगळं. तो मला मावशी मानून खाला म्हणायचा. तो म्हणाला, "खाला, ह्या पावसात? घर पडंल तुमचं. आमी बांबू टाकतो. बांबू बी चालतो."

"चालत असंल," मी म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"चाचा असते तर तेच न्हाई म्हणाले असते."

"त्यांनी मला उन्हाळ्याचा शब्द दिला होता," मी म्हणाले. "त्यांनी मोडला. मी मोडणार न्हाई. माझ्या लेकीची शपथ घेतलीय मी, आन् ती लेक आत जिती-जागती बसलीय. बाजूला व्हा."

मी वळले तर मास्तरांनी शिडी आधीच लावली होती. त्यांनी शर्ट काढून ठेवला होता, हातात कुदळ होती, आणि ते पावसात वर चढत होते. पन्नाशीचा माणूस, घर बांधल्यापासून कधी कुदळ न धरलेला. सुताराला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला. पुतण्याही त्यांच्यामागं चढला. त्या साली गावात हिंदू-मुसलमानांनी एकत्र उभं राहणं अवघड होतं. पण माळवदावर त्या दिवशी तिघं पाठीला पाठ लावून माती ओढत होते.

खाली आम्ही मायलेकींनी खोली रिकामी केली. वरून आधी चिखलाचे गोळे आले, मग सडका पाला, मग उजेड. मग एकेक फळी खाली यायला लागली. सुतार देत होता, पोरगी हात वर करून घेत होती. मी ओसरीवर बसून कापडानं चिखल पुसत होते. फळ्या चार वर्षांत काळ्या पडल्या होत्या, पण वाळवीनं एकीलाही तोंड लावलं नव्हतं. नात शेजारी उभी राहून मोजत होती. एक, दोन, तीन. नवाला थांबली आणि वर बघितलं. वर काहीच उरलं नव्हतं, नुसता पाऊस पडत होता.

"नानी, आता आपलं भिजंल ना?"

"भिजू दे, माय," मी म्हणाले. "आपल्याला पुसता येतं."

ते चाचांना घेऊन गेले. बायांनी जायचं नसतं. मास्तर गेले. मी त्या उघड्या खोलीच्या दारात बसून राहिले. आत पाणी साठत होतं, सारवण विरघळून वाहत होतं. ज्या जागी खाट असायची तिथं पावसाचे थेंब पडून फुटत होते. मी हाताची घडी घालून बसले होते. मला वाटत होतं, खड्ड्यात पाणी भरलं असणार. म्हाताऱ्यानं हाडं झिजवून दुसऱ्यांना ऊब दिली, आणि आता हा ओल्या मातीत.

दिवे लागायच्या आधी पुतण्या परत आला. चाचांच्या घराला कुलूप घालून बाळापूरला निघायचं होतं, तर सांगायला म्हणून आमच्या ओसरीच्या कडेला उभा राहिला. डोक्यावर पोतं. नखशिखांत ओला. मला त्याचे आभार मानायचे होते, दोन शब्द बोलायचे होते. इतकी तोंडाळ बाई मी, पण मला एकच विचारता आलं.

"गळत तर न्हाई ना?"

त्यानं पोतं डोक्यावरून काढलं.

"न्हाई, खाला," तो म्हणाला. "एक टिपूस न्हाई."